पराभूत दावेदार जिवंत कां राहतो?

निघोजे हें पुणें जिल्ह्याच्या खेड तालुक्यांतील इंद्रायणीकांठचें गांव. आज त्याच्या शिवारांत मोटारींचे कारखाने उभे आहेत आणि चाकणचा रस्ता मालमोटारींनीं गजबजलेला असतो. परंतु या गांवाभोंवतीं दहा कोसांचें रिंगण ओढलें, तर मराठ्यांच्या इतिहासांतील चार प्रसंग त्यांत सांपडतात. जवळच चाकण. तेथील संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळा यानें सन १६६० मध्यें शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध सुमारें दोन महिने लढविला. किल्ला पडल्यावर खानानें त्याला बादशाही चाकरीचें आमिष दाखविलें. फिरंगोजीनें तें नाकारलें, तरीहि खानानें त्याला जिवंत जाऊं दिलें. इंद्रायणीच्या प्रवाहाबरोबर खालीं गेलें म्हणजे तुळापूर लागतें. त्या परिसरांत ११ मार्च १६८९ रोजीं औरंगजेबानें संभाजीमहाराजांची हत्या करविली. वर भीमेच्या कांठीं खेड, म्हणजे आजचें राजगुरुनगर. तेथें सन १७०७ मध्यें शाहूमहाराज व ताराबाई यांच्या फौजा समोरासमोर आल्या. आणि पश्चिमेस तळेगांव हें दाभाड्यांचें. त्या घराण्याशीं झालेल्या कलहाची आग विझविण्यास शाहूमहाराजांना स्वतः जावें लागलें.

या चार ठिकाणांपैकीं एका ठिकाणीं पराभूताचा वध झाला; इतर प्रसंगांत पराभूताला, किंवा त्याच्या घराण्याला, जीवदान मिळालें. असें कां व्हावें? जिंकणाऱ्याच्या हातीं तलवार असते. शत्रूला मारून टाकलें तर पुढची चिंता मिटते, असें कोणालाहि वाटेल. तरीहि इतिहासांत पाहावें तों मारलेल्या दावेदारांच्या शेजारीं राखलेल्या दावेदारांची रांगहि तेवढीच मोठी दिसते. हा केवळ मनाचा कोंवळेपणा, असें म्हणून भागत नाहीं. जे राजे एका भावाला मारतात तेच दुसऱ्याच्या मुलाला वाढवितात. तेव्हां कारण स्वभावांत नाहीं, तें परिस्थितींत शोधलें पाहिजे.

इस्लामच्या पहिल्या शतकांत हाच प्रश्न फार तीव्र रूपानें उभा राहिला होता. सन ६३० मध्यें मक्का हातीं आल्यावर पैगंबरांनीं अनेक वर्षांचा शत्रु अबू सुफियान यास आणि बहुतेक सर्व मक्कावासीयांस क्षमा केली. मक्केचे हे प्रतिष्ठित लोक गांवाचे कारभारी होते. त्यांच्यावांचून नवें राज्य चालणें कठीण होतें. सन ६५६ मध्यें बसऱ्याजवळ ‘उंटाची लढाई’ म्हणून प्रसिद्ध असलेला संग्राम झाला. त्यांत विजयी झालेल्या हजरत अलींनीं पळणाऱ्यांचा पाठलाग करूं नये, जखमींना मारूं नये, अशी आज्ञा दिली आणि विरुद्ध पक्षाच्या अग्रभागीं असलेल्या हजरत आएशांना सन्मानानें मदिनेस पोंचविलें. पुढील धर्मशास्त्रज्ञांनीं स्वधर्मीय बंडखोरांशीं कसें वागावें याचे नियम ठरविले, त्यांस या वर्तनाचाच मुख्य आधार होता. सन ६६१ मध्यें अलींचे पुत्र हसन यांनीं खिलाफतीवरील हक्क सोडला, तेव्हां मुआवियानें त्यांना मदिनेंत राहूं दिलें. सन ६८० मध्यें करबलेच्या मैदानावर हुसेन व त्यांचे सोबती मारले गेले. परंतु हुसेन यांचे आजारी पुत्र जैनुल आबिदीन मात्र वांचले व अखेर मदिनेस परत गेले.

येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. राखलेला शत्रु धोक्याचा असतो हें खरें. उंटाच्या लढाईंत पराभूत पक्षाकडून लढलेला मरवान सुटला, तो सन ६८४ मध्यें स्वतःच खलिफा झाला. परंतु मारून टाकण्यानेंहि निश्चिंति मिळत नाहीं. सन ७५० मध्यें अब्बासी घराण्यानें उमय्या घराण्याची सरसकट कत्तल केली. तींतून अब्दुर्रहमान नांवाचा एक तरुण निसटला आणि सन ७५६ मध्यें त्यानें दूर स्पेनमध्यें कोर्दोबा येथें स्वतंत्र राज्य स्थापिलें. कत्तलींतून निसटलेल्या मनुष्याला तहाची वाटच उरलेली नसते. मग तो लढतच राहतो.

औरंगजेबाला हा सारा इतिहास परका नव्हता. दिल्लीच्या तख्तासाठीं त्यानें सन १६५९ मध्यें दारा शिकोह या सख्ख्या भावाचा वध करविला. सन १६६१ मध्यें मुराद या दुसऱ्या भावाची तीच गति झाली. परंतु दाराचा धाकटा मुलगा सिपिहर शिकोह यास त्यानें ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत ठेविलें आणि पुढें सन १६७३ मध्यें त्याला आपली मुलगीहि दिली. दाराच्या मुलीचें लग्न त्यानें आपला मुलगा आझमशहा याच्याशीं लाविलें. विजापूरचा सिकंदर आदिलशहा सन १६८६ मध्यें व गोवळकोंड्याचा अबुल हसन कुतुबशहा सन १६८७ मध्यें त्याच्या हातीं लागले, त्या दोघांनाहि त्यानें कैदेंत ठेविलें, ठार मारलें नाहीं. यांतून बादशहाचा हिशेब उघड होतो. ज्याच्या मागें स्वतःची फौज उभी आहे, जो लढण्यास समर्थ आहे आणि नमण्यास तयार नाहीं, तो मरतो; ज्याच्यापाशीं केवळ रक्ताचा हक्क उरला आहे, पण तो हक्क बजावण्याचें बळ नाहीं, तो राखला जातो.

नेमका हाच भेद संभाजीमहाराज आणि बाल शाहू यांच्या बाबतींत दिसून येतो. संभाजीमहाराज अखेरपर्यंत नमले नाहींत. त्यांचा तुळापुरास अंत झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू बादशहाच्या छावणींत आले. बादशहानें शाहूंना राजा हा किताब व सात हजारी मनसब दिली आणि आपल्या डेऱ्यांजवळ ठेविलें. बादशहाची कन्या झीनतउन्निसा हिनें या मायलेकरांकडे ममतेनें पाहिलें, असें सर्व इतिहासकार सांगतात. ती ममता खरी असेल. परंतु छावणींतील या मुलाची किंमत बादशहाला चांगली ठाऊक होती. तिकडे राजाराममहाराज जिंजीस लढत होते. त्यांच्याहून वडील शाखेचा वारस मोगलांच्या हातीं जिवंत आहे, एवढ्या एका गोष्टीनें मराठी राज्याच्या गादीखालीं एक खुंटी सैल राहत होती. शाहूंना मारलें असतें तर ती खुंटी आपोआप घट्ट झाली असती. मराठ्यांना एकच छत्रपति उरला असता. शत्रूच्या घरांतील दुही जिवंत ठेवावयाची तर तिचें कारणहि जिवंत ठेवावें लागतें.

हा डाव औरंगजेबाच्या हयातींत साधला नाहीं. शाहूंच्या द्वारें मराठ्यांशीं बोलणें लावण्याचे प्रयत्न त्यानें अखेरच्या वर्षांत करून पाहिले, ते फसले. सन १७०७ च्या मार्चमध्यें अहमदनगरास तो वारला. तख्तासाठीं उत्तरेकडे धांवणाऱ्या आझमशहानें मे महिन्यांत माळव्यांत दोराहा येथें शाहूंना सोडलें. जुल्फिकारखानानें या सुटकेचा आग्रह धरला होता. सुटकेंतहि हिशेब होता: शाहू दक्षिणेंत गेले म्हणजे मराठे आपसांत लढतील, आणि मागें राहिलेल्या मोगल सुभेदारांना उसंत मिळेल. शाहूंनीं उलटूं नये म्हणून येसूबाई व परिवारांतील इतर माणसें ओलीस ठेवून घेण्यांत आलीं. त्या माउलीची सुटका होण्यास सन १७१९ उजाडावें लागलें.

मोगलांचा अंदाज बरोबर ठरला. राजाराममहाराज सन १७०० मध्यें सिंहगडावर निवर्तले होते आणि त्यांची राणी ताराबाई, हंबीरराव मोहित्यांची कन्या, आपल्या लहान मुलाच्या नांवानें मोठ्या तेजानें राज्य चालवीत होती. सात वर्षें बादशहाशीं झुंजून जें राखलें तें कैदेंतून आलेल्या पुतण्याच्या हातीं कां द्यावें, असा तिचा प्रश्न होता, आणि तो अगदींच निराधार नव्हता. आलेला शाहू तोतया आहे, असें तिनें जाहीर केलें. सरदारांकडून दूधभातावर हात ठेववून शपथा घेतल्या आणि सेनापति धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधि यांना फौजेसह पाठविलें. १२ ऑक्टोबर १७०७ रोजीं खेडास गांठ पडली. परंतु शाहू हे खरे वारस आहेत अशी धनाजींची खात्री पटविण्यांत आली होती. बाळाजी विश्वनाथ भट यांचें नांव या कामीं प्रथमच ठळकपणें पुढें येतें. धनाजी शाहूंकडे गेले, परशुरामपंत साताऱ्याकडे निघून गेले, आणि लढाईचा निकाल तलवारीपेक्षां मनांनींच अधिक लाविला. पुढें सातारा हातीं येऊन १२ जानेवारी १७०८ रोजीं शाहूंनीं राज्याभिषेक करून घेतला.

आतां पाळी शाहूंची होती. सातारा लढविणारे परशुरामपंत कैद झाले; परंतु त्यांचा शेवट कैदेंत झाला नाहीं. मध्यंतरीं त्यांच्या मुलानें कोल्हापूरचा पक्ष धरला, तेव्हां महाराजांचा क्रोध अनावर झाला होता आणि खंडो बल्लाळ चिटणीस मध्यें पडले म्हणून पंतांवरचें संकट टळलें, असें सांगितलें जातें. अखेरीस प्रतिनिधिपद त्यांना परत मिळालें आणि त्यांचे पुत्र श्रीपतराव हे पुढें शाहूंचे अत्यंत विश्वासू प्रतिनिधि झाले. यामागचें कारण त्या काळच्या राज्यरचनेंत आहे. शाहूंपाशीं स्वतःचा खजिना नव्हता, स्वतःची मोठी फौज नव्हती. जें होतें तें सरदारांच्या पथकांवर. सरदाराचा जीव त्याच्या वतनांत व सरंजामांत. आज एका छत्रपतीकडे, उद्यां दुसऱ्याकडे अशी त्याची ये-जा चालूच असे. अशा स्थितींत पक्ष बदललेल्या एकाची मान मारली, तर कुंपणावर बसलेले दहाजण दुसऱ्या बाजूस उडी घेतात. धनाजींचा मुलगा चंद्रसेन जाधव सन १७११ मध्यें रागावून निघाला, तो प्रथम ताराबाईकडे व मग निजामाकडे गेला. निजामाचें दार सदैव उघडेंच होतें. म्हणून क्षमा ही शाहूंच्या राज्याची गरज होती.

परंतु गरजेनें सर्वच उलगडतें असेंहि नाहीं. दक्षिणेस येतांना वाटेंत पारद गांवीं शाहूंच्या माणसांशीं चकमक झाली आणि गांवचा पाटील लोखंडे मारला गेला. त्याच्या विधवेनें आपलें तान्हें मूल आणून महाराजांच्या पायांवर घातलें. त्यांनीं तें उचलून घेतलें, पहिल्या विजयाची खूण म्हणून त्याचें नांव फत्तेसिंग ठेविलें आणि पोटच्या मुलाप्रमाणें वाढविलें. अक्कलकोटचें भोसले घराणें त्याच्यापासून सुरू झालें. जो स्वतः शत्रूच्या छावणींत सात वर्षांचें पोर म्हणून उभा राहिला होता, त्याला त्या मुलाकडे पाहून कांहीं आठवलें नसेल, असें मानणें कठीण आहे.

खरी कसोटी कोल्हापूरच्या बाबतींत लागली. सन १७१४ मध्यें पन्हाळ्यावर उलथापालथ झाली. राजाराममहाराजांची दुसरी राणी राजसबाई हिनें आपला पुत्र संभाजी यास गादीवर बसविलें व ताराबाई आणि तिचा मुलगा यांना अटकेंत टाकलें. या संभाजीनें पुढें निजामाशीं संधान बांधलें. सन १७२८ मध्यें बाजीराव पेशव्यांनीं पालखेडास निजामाला कोंडून शरण आणलें तेव्हां तें संधान तुटलें. सन १७३० मध्यें वारणेच्या कांठीं संभाजीच्या फौजेचा मोड झाला आणि त्याची राणी जिजाबाई, मातोश्री राजसबाई व ताराबाई अशा राजस्त्रिया शाहूंच्या हातीं आल्या. निजामाशीं मिळालेल्या भावाचा समूळ नाश करण्यास याहून चांगली संधि येणार नव्हती. परंतु शाहूंनीं राजसबाई व जिजाबाई यांना सन्मानानें परत पाठविलें. सन १७३१ च्या फेब्रुवारींत कऱ्हाडजवळ जखिणवाडीस दोघे भाऊ भेटले. संभाजीनें पायांवर डोकें ठेविलें, शाहूंनीं उचलून मिठी मारली. १३ एप्रिल १७३१ रोजीं नऊ कलमांचा वारणेचा तह झाला. वारणेपासून तुंगभद्रेपर्यंतचा दक्षिणेकडील मुलूख संभाजीचा ठरला आणि एकानें दुसऱ्याच्या शत्रूला थारा देऊं नये असें बंधन आलें.

हा उदारपणा विचाराचाहि होता. संभाजी हा थोरल्या शिवाजीमहाराजांचा नातू होता. त्याला मारणें म्हणजे ज्या रक्ताच्या जोरावर शाहू स्वतः राज्य मागत होते त्याच रक्ताची किंमत कमी करणें. शिवाय शाहूंना पुत्र हयात नव्हता. भोसले कुळांत पुरुष थोडे उरले होते, आणि वारसाचा प्रश्न पुढें येणार हें सर्वांना दिसत होतें. घरांत दिवा एकच असेल, तर तो शेजारच्या खोलींत आहे म्हणून कोणी फुंकून टाकीत नाहीं.

ताराबाईची गोष्ट निराळी झाली. कोल्हापुरास परत जाण्यापेक्षां तिनें साताऱ्यास राहणें पसंत केलें. कारण तेथेंहि कैद आणि येथेंहि कैद, मग सवतीच्या कैदेंत कां परतावें? शाहूंनीं तिला साताऱ्यास मानानें, परंतु नजरेखालीं ठेविलें. ती पराक्रमी स्त्री जवळजवळ वीस वर्षें तशी राहिली. शाहूंच्या अखेरच्या दिवसांत तिनें रामराजा या आपल्या नातवाला पुढें आणलें. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू वारले व रामराजा छत्रपति झाले. आणि नोव्हेंबर १७५० मध्यें ताराबाईनें त्याच रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलें व तो आपला नातू नव्हेच असें जाहीर केलें. तिच्या मदतीस गुजराथेंतून दमाजी गायकवाड पंधरा हजार फौज घेऊन आले. दाभाडेहि त्या पक्षांत होते. जीवदान मिळालेला दावेदार उलटतो तो असा.

दाभाड्यांचें प्रकरणहि यासंबंधांत पाहण्यासारखें आहे. १ एप्रिल १७३१ रोजीं डभईजवळच्या लढाईंत सेनापति त्रिंबकराव दाभाडे बाजीरावांविरुद्ध लढतांना मारले गेले. शाहूंनीं त्यांच्या घराण्याचें सेनापतिपद काढून घेतलें नाहीं. तें त्रिंबकरावांचे भाऊ यशवंतराव यांना दिलें आणि पुत्रशोकानें पेटलेल्या उमाबाईंचें सांत्वन करण्यास ते स्वतः तळेगांवास गेले. पदाचा मान राहिला, परंतु गुजराथेंतील सत्ता हळूहळू गायकवाडांच्या हातीं गेली. मान आहे पण सत्ता नाहीं, अशा स्थितींतल्या घराण्याला ताराबाईचें निशाण जवळचें वाटलें, यांत आश्चर्य नाहीं.

सन १७५१ मध्यें नानासाहेब पेशव्यांनीं दमाजींना व दाभाड्यांना पकडलें. पण शेवट पुन्हां तडजोडींतच झाला. सन १७५२ मध्यें अर्ध्या गुजराथेच्या वाटणीवर दमाजी सुटले, आणि त्याच वर्षीं जेजुरीच्या देवळांत ताराबाई व पेशवे यांचा शपथपूर्वक समेट झाला. ताराबाई सन १७६१ च्या डिसेंबरांत वारली, ती आपल्या मरणानें. तिला मारणें पेशव्यांना परवडणारें नव्हतें. ब्राह्मण पेशव्यानें छत्रपतींच्या घरची वृद्ध राणी मारली, हा कलंक कोणत्याहि फौजेला पुसतां आला नसता.

पुढें पेशव्यांच्याच घरीं हा प्रश्न आला. सन १७६८ मध्यें माधवरावांनीं धोडपच्या लढाईंत चुलते रघुनाथराव यांना पकडलें आणि शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेविलें. चुलत्याचा वध हें महापातक, शिवाय रघुनाथरावांच्या पदरचे लोक पुष्कळ. म्हणून जीवदान अटळ होतें. परंतु त्यांना ना राज्याचा वांटा मिळाला, ना राज्यांत काम मिळालें. नोव्हेंबर १७७२ मध्यें माधवराव निवर्तले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजीं त्याच वाड्यांत नारायणरावांचा खून झाला. त्या खुनांतून इंग्रजांशीं युद्ध उद्भवलें. तें सालबाईच्या तहानें सन १७८२ मध्यें मिटलें. त्या तहान्वयें रघुनाथरावांना दरमहा २५ हजार रुपये नेमणूक मिळून पुन्हां जीवदानच मिळालें.

या सर्व घटना एकत्र ठेविल्या म्हणजे एक निष्कर्ष निघतो. जिंकणारा पराभूताला राखतो, तो अनेक कारणांनीं: त्याच्या रक्ताला मोल असतें, त्याचे लोक बिथरतील ही भीति असते, तो ओलीस म्हणून उपयोगीं पडतो, आणि स्त्रिया, मुलें, वडीलधारीं यांना मारण्याची लाज धर्मानें व लोकांनीं घातलेली असते. पण जीवदान ही अर्धीच गोष्ट आहे. ज्याला जीव दिला त्याला पुढें जगण्यास जागा दिली कीं नाहीं, यावर परिणाम ठरतो. कोल्हापूरच्या संभाजीला नदीपलीकडचें राज्य मिळालें. तो निजामाचा हस्तक म्हणून पुन्हां उठला नाहीं, आणि त्याचें राज्य सन १९४९ मधील विलीनीकरणापर्यंत टिकलें. साताऱ्याचें राज्य मात्र शंभर वर्षें आधींच, सन १८४८ मध्यें, इंग्रजांनीं खालसा केलें होतें. गायकवाडांना अर्धी गुजराथ मिळाली; त्यांचें बडोदेंहि १९४९ पर्यंत राहिलें. परंतु ताराबाईला केवळ वाडा मिळाला आणि रघुनाथरावांना केवळ पहारा मिळाला; त्या वाड्यांतून व त्या पहाऱ्यांतून राज्याला हादरविणारे अनर्थ बाहेर पडले.

तुळापुरास बादशहानें आपल्या शत्रूला मारलें, आणि त्या मरणानें मराठे अठरा वर्षें पेटून उठले. त्याच बादशहानें राखलेलें मूल खेडास येऊन उभें राहिलें, आणि पुढें त्याच्याच सत्तेखालीं मराठी राज्य नर्मदेपलीकडे गेलें. खेडापासून तुळापुरापर्यंत अंतर थोडें आहे. मारण्यानें कलह संपतो या समजुतीचा फोलपणा आणि नुसतें जिवंत ठेवण्यानें तो संपतो या समजुतीचाहि फोलपणा, दोन्ही या भीमा-इंद्रायणीच्या खोऱ्यानें एकाच पिढींत पाहिले आहेत.